घटकांनी घडलेली संकेतस्थळे

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर एखादा अर्ज भरताना नाव, जन्मतारीख, पत्ता यांचे रकाने, पर्यायांच्या याद्या, चूक झाल्यावर लाल अक्षरांत उमटणारी सूचना आणि शेवटी अर्ज सादर करण्याचे बटण अशा ज्या वस्तू दिसतात, त्या प्रत्येक पानासाठी नव्याने लिहिलेल्या असतात असा सर्वसाधारण समज असतो. पूर्वी तसे होतही असे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र सॉफ्टवेअर घडवण्याची रीत पालटली असून यांतील प्रत्येक वस्तू आता स्वतंत्रपणे एकदाच घडवली जाते, तिची कसून पारख होते आणि मग ती हवी तिथे, हवी तितक्या वेळा बसवली जाते. अशा वस्तूला ‘घटक’ म्हणतात. आणि या घटकांचा संग्रह, ते केव्हा व कसे वापरावेत याचे नियम, त्या नियमांमागची कारणे आणि हे सारे सांभाळणारी माणसे यांना मिळून ‘डिझाइन सिस्टिम’ हे नाव रूढ झाले आहे. या पद्धतीने वेळ आणि पैसा वाचतो हे खरेच. पण तिचे मोठे मोल असे की, एका ठिकाणी कष्टाने मिळवलेली समज घटकात साठून राहते आणि ज्यांनी ते कष्ट घेतलेले नाहीत त्यांच्याही कामी येते. त्याच न्यायाने, घटक घडवणाऱ्याच्या नजरेतून जे सुटले असेल तेही त्या घटकाबरोबर हजारो पानांवर जाऊन बसते.

ही कल्पना वेबच्या जन्माआधीची आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुढाकाराने सॉफ्टवेअरच्या अडचणींवर एक परिषद भरली, तेव्हा बेल लॅबोरेटरीजचे डग्लस मॅकिलरॉय यांनी असे प्रतिपादन केले की, इतर उद्योगांत जसे तयार सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही मिळायला हवेत. त्यांनी उदाहरण घेतले ते त्रिकोणमितीतील ‘साइन’ काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे. कोणाला उत्तर अत्यंत अचूक हवे असते, कोणाला अचूकतेपेक्षा वेग महत्त्वाचा वाटतो, तर कोणाला चुकीची संख्या दिली गेल्यास तशी सूचना मिळायला हवी असते. म्हणून एकच भाग सर्वांच्या गळ्यात न मारता, अशा वेगवेगळ्या गरजांना पुरणारे शेकडो भाऊबंद एकाच पद्धतीने निर्माण करता यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुनर्वापर आणि लवचिकपणा या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत, ही जाणीव या विचारात पहिल्यापासून आहे.

भाग पाडायचे हे ठरले तरी ते कुठे पाडायचे, हा प्रश्न उरतोच आणि त्याचे आजही ग्राह्य मानले जाणारे उत्तर कार्नेगी मेलन विद्यापीठातील डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये दिले. काम ज्या क्रमाने चालते त्या क्रमाने, म्हणजे आधी माहिती घेणे, मग ती लावणे, मग छापणे, अशा पायऱ्यांवर प्रोग्राम तोडण्याची तेव्हा सवय होती. पार्नास यांनी दाखवून दिले की, असे तोडले तर माहिती साठवण्याची पद्धत नुसती बदलायची म्हटली तरी सगळेच भाग उघडावे लागतात. त्याऐवजी पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या पोटात झाकून ठेवावा, आणि बाहेरच्यांना त्या भागाकडून काय मिळेल एवढेच कळावे, आत ते कसे घडते हे कळण्याची गरज पडू नये, असे त्यांनी सुचवले. चांगला घटक ओळखण्याची याहून नेमकी कसोटी नंतरच्या पन्नास वर्षांत क्वचितच कोणी दिली असेल.

वेबवर ही समज उशिरा पोहोचली, कारण वेबची सुरुवात कागदपत्रे एकमेकांना जोडण्यासाठी झाली होती आणि प्रत्येक कागदपत्र आपल्यापुरते पूर्ण असे. रंग, अक्षरांचा आकार, समास हे सारे प्रत्येक पानातच लिहिलेले असे. डिसेंबर १९९६ मध्ये ‘सीएसएस’ या भाषेला मान्यता मिळाल्यावर मजकूर आणि त्याचे रूप यांची फारकत झाली आणि एका फाइलमधील बदल सर्व पानांवर दिसू लागला. पुढे ऑगस्ट २०११ मध्ये ट्विटर कंपनीतील दोन तंत्रज्ञांनी घडवलेला ‘बूटस्ट्रॅप’ हा तयार बटणे, रकाने आणि मांडणीचा संच सर्वांसाठी खुला झाला, आणि मे २०१३ मध्ये फेसबुकने ‘रिॲक्ट’ हे साधन खुले केले. त्याने पानाचा विचार सोडून, पडदा म्हणजे एकात एक बसलेल्या घटकांची रचना असा विचार करण्याची सवय प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या अंगवळणी पाडली.

या पद्धतीचा सर्वांत नीट अभ्यासता येण्याजोगा नमुना मात्र एका सरकारने घालून दिला. ब्रिटनमध्ये २०१० साली मार्था लेन फॉक्स यांनी शासकीय संकेतस्थळांविषयी अहवाल दिला, २०११ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये आधीची दोन मोठी शासकीय संकेतस्थळे बंद करून ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच संकेतस्थळ सुरू करण्यात आले. वाहन परवान्यापासून पासपोर्टपर्यंत शेकडो सेवा निरनिराळ्या खात्यांचे चमू घडवत असल्याने प्रत्येकाने आपापले बटण आणि आपापला रकाना करण्याची रीत परवडणारी नव्हती. म्हणून सुरुवातीच्या विखुरलेल्या साहित्यातून २०१८ मध्ये एक सुसंघटित डिझाइन सिस्टिम उभी राहिली. तिच्यातील प्रत्येक घटकासोबत तो केव्हा वापरावा हे जसे लिहिलेले असते, तसे तो केव्हा वापरू नये हेही लिहिलेले असते, आणि हे दुसरे लिखाण अधिक उपयोगी आहे.

तिथला जन्मतारखेचा घटक पाहण्यासारखा आहे. तारीख विचारायची म्हटली की बहुतेकांना छोटी दिनदर्शिका उघडणारा रकाना सुचतो. पण सत्तर वर्षांच्या माणसाला आपले जन्मवर्ष गाठायला त्या दिनदर्शिकेची पाने मागे मागे उलटत बसावे लागते, आणि वर्षांची लांबलचक यादी दिली तर थरथरत्या बोटाने नेमके वर्ष पकडणे अवघड जाते. आपली जन्मतारीख प्रत्येकाला पाठ असते, ती शोधावी लागत नाही, एवढी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊन तिथे दिवस, महिना आणि वर्ष यांसाठी तीन उघड्या चौकटी ठेवल्या आहेत. दिनदर्शिका उपयोगी पडते ती नजीकच्या काळातील एखादा दिवस निवडायचा असेल तेव्हा, म्हणजे भेटीची वेळ ठरवताना. हा फरक एकदा तपासून घटकात बसवला की, पुढे परवान्याचा अर्ज करणाऱ्या चमूला तो पुन्हा शोधून काढावा लागत नाही.

त्याच संचातील संख्येच्या रकान्याची गोष्ट यापुढची आहे. वेबच्या मूळ भाषेत, म्हणजे ‘एचटीएमएल’मध्ये, फक्त संख्या स्वीकारणारा रकाना अशी तयार सोय आहे, आणि ती वापरणे वरवर पाहता अगदी योग्य वाटते. पण लोक प्रत्यक्ष वापरू लागले तेव्हा असे आढळले की, पान खाली सरकवण्यासाठी माउसचे चाक फिरवले की भरलेली संख्या नकळत बदलते, लांब क्रमांक भलत्याच गणिती रूपात दाखवला जातो, आणि दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारी किंवा आवाजावर चालणारी काही साधने या रकान्याशी नीट जुळत नाहीत. २०२० मध्ये त्या चमूने ही कारणे जाहीर करून साधा मजकुराचा रकाना आणि त्यासोबत मोबाइलवर अंकांचा कीबोर्ड आणण्याची सूचना असा बदल केला. क्रमांक विचारणाऱ्या सेवा अनेक असल्या तरी दुरुस्तीची जागा एकच होती, हे इथे महत्त्वाचे.

पूर्वी छापखान्यात जुळारी खिळे जुळवून पान उभे करी, छपाई झाल्यावर तेच खिळे खणांत परत जात आणि दुसऱ्या पुस्तकाच्या कामी येत. पुनर्वापर म्हणून ती रीत आजच्या घटकांसारखीच होती. फरक असा की, एखादा खिळा मागाहून सुधारला तरी आधी छापलेले पुस्तक काही सुधारत नसे, तर सॉफ्टवेअरमधील घटकाचे वापरलेल्या प्रत्येक ठिकाणाशी नाते टिकून राहते आणि मूळ घटकाची नवी आवृत्ती आली की सेवेने ती स्वीकारायचा अवकाश, सुधारणा सगळीकडे पोहोचते. ब्रिटनची राणी एलिझाबेथ दुसरी यांचे सप्टेंबर २०२२ मध्ये निधन झाल्यावर राजे चार्ल्स तिसरे यांनी आपल्या राजचिन्हासाठी ट्यूडर घाटाचा मुकुट निवडला, तेव्हा सर्व शासकीय सेवांच्या माथ्यावरील मुकुटाचे चित्रही बदलणे भाग पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा मुकुट असलेला शीर्षपट्टीचा घटक उपलब्ध करून देण्यात आला आणि सेवांनी आपली आवृत्ती बदलून तो घेतला. चित्राची फाइल प्रत्येक चमूने आपापल्या परीने उतरवून घेतलेली असती, तर जुने मुकुट कुठे कुठे उरले आहेत हे शोधण्यातच बराच काळ गेला असता.

असा बदल सोपा व्हावा म्हणून घटकांच्याही खाली आणखी एक थर असतो. रंग, अंतर, अक्षरांचा आकार अशा मूल्यांना थेट आकडे न वापरता नावे दिली जातात आणि त्यांना ‘डिझाइन टोकन’ म्हणतात. ‘गडद लाल’ असे न म्हणता ‘चुकीच्या सूचनेचा रंग’ असे नाव दिले, की उद्या तो रंग मंद दृष्टीच्या वाचकांना पुरेसा उठून दिसत नाही असे आढळल्यास मूल्य एकाच जागी बदलता येते. नाव हेतू सांगते आणि हेतू सहसा बदलत नाही. पडद्याच्या रुंदीचा प्रश्नही असाच क्रमाने सुटत गेला. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी लवचिक स्तंभ, लवचिक चित्रे आणि पडद्याच्या मापानुसार लागू होणारे नियम यांची सांगड घातली आणि मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ करण्याची गरज संपू लागली. पण त्यात घटक पडद्याची रुंदी पाहत असे, स्वतःला मिळालेल्या जागेची नव्हे. त्यामुळे रुंद पडद्यावरच्या अरुंद कडेच्या पट्टीत बसवलेला घटक गोंधळून जाई. घटकाने आपल्या कोंदणाची रुंदी पाहून आपली मांडणी बदलावी, ही सोय २०२३ च्या आरंभापर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत आली आणि घटक खऱ्या अर्थाने कुठेही बसू शकणारा झाला.

लवचिकपणाचा हव्यास मात्र घटकाला मारक ठरतो. एका चमूला बटणात चित्र हवे असते, दुसऱ्याला ते उजवीकडे हवे असते, तिसऱ्याला दोन ओळी हव्या असतात, आणि प्रत्येकाचे मन राखता राखता साध्या बटणाला इतके पर्याय फुटतात की, ते वापरण्यापेक्षा नवे लिहिणे सोपे वाटू लागते. दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत म्हणून त्यांचा एक घटक करणे ही इथली नेहमीची चूक आहे. त्या एकाच कारणाने बदलणार असतील तरच त्या एक आहेत. म्हणून अनुभवी मंडळी तीच रचना तिसऱ्यांदा करावी लागेपर्यंत घटक करण्याची घाई करत नाहीत, आणि अमेरिकी लेखिका सँडी मेट्झ यांनी तर चुकीच्या जागी केलेल्या एकीकरणापेक्षा थोडी पुनरुक्ती स्वस्त पडते, असेच मत मांडले आहे. ब्रिटनच्या संचात नव्या घटकाचा प्रस्ताव उपयुक्त आहे का आणि आधीच्या एखाद्या घटकाची पुनरावृत्ती तर नाही ना, हे आधी पाहिले जाते, ते याच कारणासाठी.

दुसरा धोका परावलंबनाचा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने वादातून आपले सर्व खुले साहित्य ‘जावास्क्रिप्ट’ या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यात मजकुराच्या डाव्या बाजूला हवी तितकी रिकामी जागा भरणारा अवघ्या अकरा ओळींचा एक घटक होता. तो जगभरच्या असंख्य प्रकल्पांत थेट किंवा आडमार्गाने वापरलेला असल्याने ते प्रकल्प एकाएकी उभेच राहीनात, आणि काही तासांत तो घटक परत जागेवर ठेवण्यात आला तेव्हाच ते सुरळीत झाले. दुसऱ्याचा घटक घेणे म्हणजे त्याच्या देखभालीचा भरवसाही घेणे होय, आणि तो भरवसा कोणाचा आहे हे विचारण्याची सवय त्यानंतर अधिक रुजली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र सर्वांत जवळचा प्रश्न लिपीचा आहे. प्रचलित घटकसंचांपैकी बहुतेक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडवले गेले, आणि ती गृहीतके घटकाच्या मापांत मुरलेली असतात. ‘पूर्वी’ हा साधा शब्द घेतला तरी त्यात खाली दीर्घ ऊकार, वर वेलांटी आणि तिच्या जोडीला रफार येतो. बटणाची उंची रोमन अक्षरांपुरती बेतलेली आणि बाहेर गेलेला भाग कापून टाकण्याची सूचना दिलेली असेल, तर वरचा रफार किंवा खालचा ऊकार छाटला जातो आणि शब्दच बदलतो. शीर्षक उठून दिसावे म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची रोमन रीत देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. आणि मोठ्या लिपीतील अक्षरांनी भर देण्याची युक्ती तर देवनागरीत लागूच पडत नाही, त्यामुळे जिथे तेवढ्यावरच भिस्त ठेवलेली असते तिथे मराठी मथळा आणि मराठी मजकूर एकसारखे दिसू लागतात.

याहून सूक्ष्म अडचण अक्षर मोजण्याची. अनेक संकेतस्थळांवर वापरणाऱ्याच्या छायाचित्राऐवजी एका वर्तुळात त्याच्या नावाचे पहिले अक्षर दाखवणारा घटक असतो. ‘क्षितिज’ या नावाचे पहिले अक्षर कोणताही मराठी माणूस ‘क्षि’ असे सांगेल. ‘युनिकोड’मध्ये, म्हणजे संगणकावर सर्व लिपींसाठी वापरल्या जाणाऱ्या सामायिक संकेतपद्धतीत, मात्र ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार चिन्हांनी बनते, आणि केवळ पहिले चिन्ह उचलणारा घटक वर्तुळात ‘क’ दाखवतो. श्रद्धाचा ‘श’ होतो, ज्ञानेश्वरचा ‘ज’ होतो. वाचकाला एक वाटणारे अक्षर कुठे सुरू होते व कुठे संपते याचे युनिकोडचे सर्वसाधारण नियमही देवनागरी जोडाक्षर मधोमध तोडत असत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत त्यात सुधारणा झाली. म्हणजे आता ज्या घटकांना हे नियम विचारण्याची शिस्त आहे त्यांना ‘क्षि’ ओळखता येते, आणि जे नुसते पहिले चिन्ह उचलतात ते तसेच चुकत राहतील. अंकांचेही तसेच. जन्मवर्ष ‘१९६२’ असे देवनागरीत लिहिणाऱ्या मराठी माणसाला अनेक अर्ज चूक झाल्याचे सांगतात, कारण अंक ओळखण्यासाठी नेहमी लिहिला जाणारा नियम फक्त इंग्रजी अंकचिन्हांनाच अंक मानतो. देवनागरी अंक स्वीकारून आतल्या आत त्यांचे रूपांतर करणे हे काही ओळींचे काम आहे, आणि ते तारखेच्या व संख्येच्या घटकात एकदा करून ठेवले तर पुढच्या प्रत्येक अर्जाला आयते मिळते. वापरणारा चुकला असे सांगण्याआधी घटकाने त्याची लिपी शिकून घ्यावी, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

भारतात सरकारी पातळीवर या दिशेने काम झालेले आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक नियमावली २००९ मध्ये आली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार साच्यांतून सुरक्षित आणि सुगम संकेतस्थळे उभारून देणारी सेवा सुरू केली, आणि महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर उभी आहेत. एका जिल्ह्याच्या संकेतस्थळावर विभागांची यादी किंवा सूचनांचे पान कुठे सापडते हे ज्याला कळले, त्याला दुसऱ्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर चाचपडावे लागत नाही, हा त्याचा उघड लाभ. पण माहिती दाखवणाऱ्या पानांपेक्षा माहिती विचारणारे अर्ज अवघड असतात, आणि अर्जांत सर्वांत अवघड असतो तो नावाचा रकाना.

पाश्चात्त्य अर्जांतील ‘पहिले नाव’ आणि ‘शेवटचे नाव’ या दोन चौकटींत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही मराठी रचना मुळातच नीट बसत नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या नावांना सर्वाधिक सामावून घेतो तो संपूर्ण नावाचा एकच रकाना, असे ब्रिटनच्या संचातही सांगितलेले आहे. त्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावाची शासकीय कागदपत्रांतील नोंद मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने व्हायची आहे. आईच्या नावाला मिळालेले हे स्थान न्याय्य आहे आणि ते अर्जांच्या चौकटीत अडखळता कामा नये. त्याआधी जन्मलेल्यांची नावे जुन्याच रचनेत राहणार असल्याने नावाच्या घटकाला दोन्ही रचना सांभाळाव्या लागतील, अनाथ मुलांसारख्या वेगळ्या परिस्थितीसाठी एखादी चौकट रिकामी ठेवण्याची मुभा द्यावी लागेल, आणि छापील दाखल्यावर चार भागांचे नाव ओळीत कसे मोडायचे तेही ठरवावे लागेल. या निर्णयाखाली येणारी पहिली मुले २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात जातील. शाळाप्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, निरनिराळे दाखले यांसाठी हे काम प्रत्येक खात्याने आपापले करायचे की सर्वांनी मिळून एकदाच नीट करायचे, हे ठरवायला अजून अवधी आहे.